निकेल आणि मॅग्नेशियम : कसोटी चंद्रपूरच्या वाफेची

चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या बॉयलरमधून टर्बाइनकडे निघणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सियस तापमानाची असते. लोखंडाला अशा ठिकाणी क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि सर्वांत तप्त भागात निकेल यांची जोड द्यावी लागते. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंना तेथे प्रवेशच नाही. शुद्ध मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळते. ॲल्युमिनियम व जस्त मिसळून केलेली 'एझेड ९१' ही त्याची प्रचलित मिश्रधातू तर ४७० अंशांच्या आसपासच वितळू लागते. निकेलचा वितळणबिंदू १४५५ अंश आहे.

मात्र एवढ्यावरून निकेल श्रेष्ठ आणि मॅग्नेशियम दुबळे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. 'एझेड ९१'ची घनता दर घन सेंटिमीटरला १.८ ग्रॅम, तर 'इन्कोनेल ७१८' या निकेलच्या मिश्रधातूची ८.२ ग्रॅम. ताठरता अनुक्रमे ४५ आणि २०० गिगापास्कल. म्हणजे निकेलची मिश्रधातू साडेचारपट ताठर आणि साडेचारपटच जड. वजनाच्या हिशेबात दोघांची बरोबरी. ताणून तोडण्यास लागणाऱ्या बळातही, वजनाच्या मानाने पाहिल्यास, निकेलची आघाडी थोडकीच उरते. वाकण्याचा प्रश्न आला की पारडे फिरते. सारख्याच लांबी-रुंदीचे आणि सारख्याच वजनाचे दोन पत्रे घेतले, तर मॅग्नेशियमचा पत्रा साडेचारपट जाड होईल. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो निकेलच्या पत्र्यापेक्षा सुमारे वीसपट कमी वाकेल. मोटारींच्या गिअरबॉक्सचे आवरण आणि लॅपटॉपचे सांगाडे मॅग्नेशियमचे का करतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हा हिशेब थंड धातूचा झाला. तापलेला धातू सततच्या ताणाखाली न तुटता हळूहळू लांबत जातो. अभियंते याला 'क्रीप' म्हणतात. मॅग्नेशियमच्या साध्या मिश्रधातूंना हा विकार दीडशे अंशांच्या आतच जडतो. याउलट निकेलमध्ये ॲल्युमिनियम व टायटॅनियम मिसळल्यावर त्याच्या स्फटिकांत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते धातूच्या अंतर्गत घसरणीला अडसर घालतात. म्हणूनच जेट इंजिनांची पाती निकेलची असतात. बॉयलरच्या नळीतही नेमका हाच शत्रू असतो. नळी लांबत, फुगत अखेर फुटते आणि सबंध संच बंद ठेवावा लागतो.

गंजाच्या बाबतीत तर हे दोन धातू एकमेकांचे वैरीच म्हणावे लागतील. मॅग्नेशियम रासायनिकदृष्ट्या फार क्रियाशील. म्हणूनच जमिनीखालच्या पोलादी नळांना जोडून त्याचे ठोकळे पुरतात. ते स्वतः झिजतात आणि नळ वाचतो. निकेल मात्र गंजाला सहसा दाद देत नाही. पण तेच निकेल मॅग्नेशियममध्ये शिरले तर विषासारखे काम करते आणि खाऱ्या ओलाव्यात त्याचा गंज कैकपट वाढवते. त्यामुळे 'एझेड ९१'च्या शुद्ध प्रतींत निकेल ०.००२ टक्क्यांहून अधिक चालत नाही.

येथे नावाचा एक घोटाळा टाळायला हवा. चंद्रपुरातील 'सेल'चा फेरो अलॉय प्लांट, म्हणजे २०११ मध्ये विलीन झालेली पूर्वीची महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट, मँगनीजच्या मिश्रधातूंसाठी ओळखला जातो, मॅग्नेशियमच्या नव्हे. दोन्ही नावे ग्रीसमधील मॅग्नेशिया या प्रांतावरून आली असली, तरी धातू सर्वस्वी भिन्न आहेत.

चंद्रपूरकरांच्या दृष्टीने या तुलनेचे मोल हवेत आणि कोळशात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते, आणि येथील महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. वाफ जितकी तप्त, तितकी त्याच कोळशातून वीज अधिक. आजच्या ५४० अंशांच्या संचांची कार्यक्षमता ३७ टक्क्यांच्या आसपास असते. कल्पक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, 'भेल' आणि 'एनटीपीसी' यांनी हाती घेतलेल्या प्रगत तंत्रज्ञानात वाफ ७०० अंशांपुढे जाते आणि कार्यक्षमतेचे लक्ष्य ४६ टक्क्यांचे आहे. तेवढ्याच विजेला कोळसा सुमारे एक पंचमांश कमी लागेल, राखही त्याच प्रमाणात घटेल. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा ८०० मेगावॅटच्या प्रकल्पाची घोषणा झाली. त्याच्या सर्वांत तप्त नळ्यांसाठी निवडलेल्या '६१७' या मिश्रधातूत सुमारे निम्मे निकेल असते.

अडचण आहे ती किमतीची आणि पुरवठ्याची. असे निकेल पोलादाच्या कितीतरी पट महाग पडते आणि भारत ते जवळजवळ सर्वस्वी आयात करतो. गोव्यातील 'निकोमेट' हा देशातील एकमेव निकेल उत्पादक 'वेदांता'ने डिसेंबर २०२१ मध्ये विकत घेतला.