ब्रोलिओचें रिकासोली घराणें व १८७२ चें एक पत्र

१. विषयप्रवेश

मद्यास त्याच्या जन्मभूमीचें नांव देण्याची चाल फार जुनी आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास मधु ही संज्ञा दिली असून त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार देशावरूनच सांगितले आहेत. कापिशायन हा शब्द सिद्ध करण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र रचिलें आहे. अशाच देशनामानें ओळखलें जाणारें इटलींतील प्रसिद्ध तांबडें मद्य म्हणजे कियान्ती. त्याच्या घडणीचा मूळ आधार म्हणून रिकासोली घराण्यांतील एका पुरुषाच्या पत्राकडे बोट दाखविण्यांत येतें. तें पत्र काय सांगतें आणि त्याच्या नांवावर पुढें काय चाललें, हें पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. विषय परदेशचा खरा. परंतु अस्सल कागद आणि त्याच्या आधारें रूढ झालेली समजूत यांत पडणारें अंतर आपल्या संशोधकांस नित्य परिचयाचें आहे.

२. स्थान व घराणें

तुस्कनी प्रांतांत सिएना शहराच्या ईशान्येस, गायोले गांवाजवळ, ब्रोलिओचा किल्ला आहे. इ. स. ११४१ पासून त्याचा संबंध रिकासोली घराण्याशीं आहे. मध्ययुगांत फ्लॉरेन्स व सिएना या दोन गणराज्यांचें हाडवैर असतां हें फ्लॉरेन्सचें सरहद्दीवरील ठाणें होतें. त्यामुळें वेढे, पाडापाड व पुन्हा बांधणी हे भोग त्याच्या वांट्यास वारंवार आले.

२४ सप्टेंबर १७१६ रोजीं तुस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें जाहीरनामा काढून कियान्ती, पोमिनो, कार्मिन्यानो व वरचें आर्नो खोरें या चार मद्यप्रदेशांच्या चतुःसीमा ठरवून दिल्या. या जाहीरनाम्याचा विषय शीव हा आहे. कोणतें द्राक्ष किती घालावें हा प्रश्न पुढील काळांतील होय, आणि त्याचें उत्तर ब्रोलिओकडून आलें.

३. बेत्तीनो रिकासोली

बेत्तीनो याचा जन्म ९ मार्च १८०९ चा. वयाच्या अठराव्या वर्षीं तो पोरका झाला, तेव्हां जहागिरीवर कर्जाचा मोठा बोजा होता. ग्रँड ड्यूकनें खास हुकमानें त्यास सज्ञान ठरवून धाकट्या भावांचें पालकत्व त्याजकडे सोंपविलें. शिक्षण अर्धवट टाकून तो ब्रोलिओस येऊन राहिला व नेटक्या कारभारानें त्यानें जहागीर ऋणमुक्त केली. द्राक्षमळ्यांच्या सुधारणेचें त्याचें काम या निकडींतूनच वाढीस लागलें.

१८५९-६० मध्यें तुस्कनीचें इटलीच्या नव्या राज्यांत विलीनीकरण घडवून आणण्यांत तो अग्रेसर होता. जून १८६१ मध्यें काव्हूर वारल्यावर तो इटलीचा पंतप्रधान झाला, व १८६६-६७ मध्यें तें पद पुन्हा त्याजकडे आलें. करारी स्वभावामुळें लोक त्यास 'लोखंडी बॅरन' म्हणत. २३ ऑक्टोबर १८८० रोजीं ब्रोलिओ येथेंच त्याचें देहावसान झालें.

४. पत्राचा आशय

२६ सप्टेंबर १८७२ रोजीं बेत्तीनोनें पीसा विद्यापीठांतील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांस पत्र लिहिलें. आरंभींच्या प्रयोगांत जें आढळलें तेंच पुढील अनुभवानें दृढ झालें, असें सांगून तो तीन द्राक्षांचे गुण देतो. मद्यास मुख्य सुगंध व एक प्रकारचा जोम सांजोव्हेतो या काळ्या द्राक्षापासून मिळतो. आपला कटाक्ष विशेषेंकरून त्या सुगंधावर आहे, असें तो म्हणतो. यासच आज सांजोव्हेझे म्हणतात. कानायोलो हें दुसरें काळें द्राक्ष पहिल्याचा कठोरपणा सौम्य करतें. तें स्वतः सुगंधी असल्यामुळें मूळच्या सुगंधास उणेपणा येत नाहीं. तिसरें माल्व्हासिया हें पांढरें द्राक्ष. तें पहिल्या दोहोंच्या रसास पातळ करतें, रुचि वाढवितें, आणि त्यायोगें मद्य हलकें होऊन रोजच्या जेवणांत लवकर वापरतां येतें.

परंतु माल्व्हासियाच्या नांवास लागूनच एक उपवाक्य आहे. जें मद्य मुरविण्यासाठीं ठेवावयाचें, त्यांत हें द्राक्ष नसलें तरी चालेल, असा त्याचा अर्थ. म्हणजे लेखकाच्या मनांत मद्याचे दोन प्रकार स्पष्ट आहेत: एक रोजच्या पानाचें, दुसरें वर्षानुवर्षें मुरावयाचें. मीमांसकांच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिलीं दोन द्राक्षें नित्य आणि तिसरें काम्य. फलाची इच्छा असेल तरच त्याचा विनियोग. शिवाय या वाक्यांत प्रमाणाचा एकहि आंकडा नाहीं. 'रिकासोलीचें सूत्र' म्हणून पुढें जे शेंकडेवारीचे आंकडे प्रसिद्ध झाले, ते या वाक्यांतून निघत नाहींत.

५. पत्राचें सूत्र, सूत्राचा कायदा

१९२४ मध्यें मूळ प्रदेशांतील ३३ मळेवाल्यांनीं राद्दा येथें संघ स्थापिला व जुन्या कियान्ती संघाचा काळा कोंबडा हें आपलें चिन्ह केलें. १९३२ च्या सरकारी निर्णयानें कियान्ती हें नांव भोंवतालच्या बऱ्याच मुलखास मिळालें, आणि मूळ प्रदेश 'क्लासिको' म्हणून ओळखला जाऊं लागला. पुढें १९६७ मध्यें उगमनामाचा कायदेशीर नियम झाला. त्यांत सांजोव्हेझे शेंकडा ५० ते ८०, कानायोलो १० ते ३०, आणि त्रेब्बियानो व माल्व्हासिया हीं पांढरीं द्राक्षें मिळून १० ते ३०, असें प्रमाण ठरलें.

पत्र व नियम शेजारीं ठेवून पाहतां तीन फरक दिसतात. काम्य होतें तें नित्य झालें. ज्याचें नांव त्या वाक्यांत नाहीं तें त्रेब्बियानो आंत आलें. आणि मुरविण्याच्या मद्याची सवलत गळाली. ब्रोलिओचें मद्य कियान्ती म्हणून विकावयाचें तर तेंहि याच नियमानें बांधलें गेलें. पूर्वजाच्या पत्राचा अर्धा भाग वंशजांच्या मळ्यास कायदा झाला!

असें कां घडलें, याचें उत्तर मळ्यांत सांपडतें. तुस्कनींत जमीन पिढ्यान्‌पिढ्या अर्धेलीनें कसली जाई. निम्मा माल मालकाचा, निम्मा कुळाचा. एकाच शेतांत काळ्या व पांढऱ्या वेली मिसळून असत आणि भरघोस पिकणारें त्रेब्बियानो कुळांस सोईचें होतें. गवताच्या वेष्टनांतील फुगीर बाटलींत भरून लवकर खपणारें हलकें मद्य ही बाजाराची मागणी होती. नवे अर्धेलीचे करार १९६४ च्या कायद्यानें बंद झाले, तरी त्या पद्धतीनें लाविलेल्या वेली उभ्याच होत्या. नियमकर्त्यांनीं जें चालू होतें तेंच कलमबद्ध केलें, व त्यास बॅरनच्या नांवाचा आधार मिळाला.

६. प्रतिक्रिया

या बंधनास उघड छेद दिला तो दुसऱ्या जुन्या घराण्यानें. फ्लॉरेन्सच्या आन्तिनोरी घराण्यांतील जोव्हान्नी दि पिएरो हा १३८५ मध्यें मद्यव्यापाऱ्यांच्या श्रेणींत दाखल झाला होता. त्याच्या वंशजांनीं १९७१ च्या पिकाचें तिन्यानेल्लो हें मद्य कियान्ती हें नांव सोडून केवळ 'भोजनमद्य' म्हणून विकलें, आणि १९७५ च्या पिकापासून त्यांतून पांढरीं द्राक्षें अजिबात काढून टाकिलीं. उत्तम मद्य हलक्या नांवानें विकलें जाऊं लागल्यावर नियमास हलणें भाग पडलें. १९८४ मध्यें क्लासिकोसाठीं पांढऱ्या द्राक्षांचें प्रमाण शेंकडा २ ते ५ वर आलें. १९९६ मध्यें निव्वळ सांजोव्हेझेच्या मद्यास मुभा मिळाली. आणि २००६ च्या पिकापासून क्लासिकोंत पांढरीं द्राक्षें वर्ज्य झालीं. दरम्यान ब्रोलिओच्या मद्याचा व्यवहार परकीय कंपन्यांच्या हातीं गेला होता, तो १९९३ मध्यें फ्रान्चेस्को रिकासोली यांनीं घराण्याकडे परत आणिला.

७. निष्कर्ष

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. २००६ चा निर्बंध म्हणजे पत्राचा पूर्ण विजय, असें म्हणतां येत नाहीं. बेत्तीनोनें रोजच्या मद्यांत माल्व्हासियाचा गुण मान्य केला आहे. सक्ती जशी त्याची नव्हे, तशी बंदीहि त्याची नव्हे. जे त्याच्या नांवावर पांढरीं द्राक्षें घालीत होते, व जे त्याबद्दल त्यास दोष देतात, त्या दोघांनींहि वाक्य अर्धेंच वाचलें आहे.

हस्तलिखितें जमविणारांस यांतून घेण्याजोगा बोध साधा आहे. पत्र हें विशिष्ट मनुष्यास, विशिष्ट प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहिलेलें असतें. तें आज्ञापत्र नव्हे. सारांश करतांना प्रथम गळतें तें 'जर', 'तरी' यांनीं जोडलेलें उपवाक्य, आणि बहुधा लेखकाचा खरा विवेक त्यांतच असतो. म्हणून दप्तरांतील कागदाची नक्कल घेतांना ओळ लांबली तरी चालेल, अट सुटतां कामा नये. कियान्तीच्या बाबतींत एक अट सुटली, ती पुन्हा गांठीं मारण्यास मळेवाल्यांचीं कित्येक पिकें खर्ची पडलीं.