आखितीची करा-केळी

चैत्र सरत आला की परभणीच्या बाजारात रांजण आणि माठांच्या शेजारी मडक्यांची एक बेताची जोडी वेगळी मांडलेली दिसते. करा आणि केळी. माठ जित्या माणसांसाठी, ही जोडी घरातल्या गेलेल्यांसाठी. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिच्यात पाणी भरायचं, वाळा टाकायचा, वर आंबा किंवा खरबूज ठेवायचं आणि पुरणपोळी, आमरस, चिंचोणीचा नैवेद्य दाखवायचा. कितीतरी घरांत तोवर आंबा तोंडात घालत नाहीत. बाजारात तो महिनाभर आधी आलेला असतो, नातवंडं कुरकुरतात, पण म्हातारी माणसं हलत नाहीत: आधी पितरांना, मग आपल्याला.

पितर म्हटलं की भाद्रपदातला पंधरवडा आठवतो. मग हे वैशाखात कुठून आलं? विष्णुपुराणात चार युगादि तिथी सांगितल्या आहेत आणि वैशाख शुद्ध तृतीया त्यांतली एक. त्या दिवशी पितरांना नुसतं तीळ घातलेलं पाणी दिलं तरी हजार वर्षांच्या श्राद्धाचं फळ, असं पुराणकार सांगतो. पुढच्या ग्रंथांनी या श्राद्धातून पिंडही वगळले. म्हणजे ज्याच्या घरी दाणा नाही त्यालाही हा दिवस पाळता यावा, अशी सोय. ही प्रथा सगळ्या जातींच्या ओसरीवर पोहोचली ती माझ्या मते या स्वस्ताईमुळे, मंत्रांमुळे नव्हे.

पाण्याच्या ओंजळीचा घडा झाला तो उदकुंभदानाने. कमलाकरभट्टांनी 1612 साली काशीत तिथी-व्रतांचे निर्णय सांगणारा ‘निर्णयसिंधु’ लिहिला. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं, आणि पैठणहून गोदावरी खाली उतरते ती आपल्याच पाथरी, सोनपेठ, गंगाखेडकडे. 1790च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी त्याच धाटणीचा ‘धर्मसिंधु’ रचला. गावोगावचे भटजी आजही तिथी-श्राद्धाची शंका त्यातच पाहतात. देवांच्या आणि पितरांच्या नावाने या दिवशी पाण्याने भरलेला कुंभ दान द्यावा, असं त्यात आहे. याच्याही आधी, तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतं, दानं, श्राद्धं यांचा ढीग एकत्र केला होता. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची देवळं पाहताना लोक याच हेमाद्रीचं, म्हणजे हेमाडपंताचं, नाव घेतात. घरातल्या व्रतवैकल्यांवरचा त्याचा हात मात्र कुणाला आठवत नाही.

तरी पोथ्यांनी ही चाल जन्माला घातली, असं मला वाटत नाही. इथला पारा एप्रिलातच चाळिशी ओलांडतो, विहिरी तळाला जातात, गंगाखेडला ‘गंगे’चं, म्हणजे गोदावरीचं, पात्र आटून वाळू उघडी पडते. अशा दिवसांत आपण घोटभर गार पाणी पितो तेव्हा गेलेला बाप, गेलेली आई तहानलेली असेल का, हे मनात यायला पोथी लागत नाही. शिवाय मसणात खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडून पाणी सांडत फेरे घेतलेले असतात आणि शेवटी ते फोडलेलं असतं. आखितीला त्याच कुंभाराचं कोरं मडकं घरात येतं आणि काठोकाठ भरलं जातं. हा संबंध ग्रंथात कुठे मांडलेला मी वाचलेला नाही, पण तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

वाटेत एक गोष्ट मात्र गळाली. ग्रंथातला कुंभ द्यायचा होता: तहानलेल्याला, उन्हातून आलेल्याला, निदान दारी आलेल्या ब्राह्मणाला. पुष्कळ घरांत आता करा-केळी देवघरासमोर पुजली जाते आणि तिथंच राहते. काही जण तर स्टीलच्या तांब्यावर भागवतात. म्हणून यंदा करा-केळी घ्याल तेव्हा कुंभाराकडूनच घ्या, त्याच्याशी घासाघीस करू नका, आणि एक माठ जास्तीचा घेऊन आई-वडलांच्या नावाने एखाद्या फाट्यावर, सावलीत, भरून ठेवा. रोज भरायची जबाबदारीही घ्या.