मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसायचात? स्थलांतरित किशोरांचा इतिहास शोधताना

पेटची परीक्षा पार पडली की पुढचा डोंगर म्हणजे सिनॉप्सिस. टॉपिक सांगा म्हटलं की 'स्थलांतर' हा शब्द दहातल्या चार जणांच्या तोंडी असतो. मग आपण जनगणना काढतो, गॅझेटिअर काढतो, कोण कुठून कुठे गेलं, काय धंदा केला, किती पैसे पाठवले हे सगळं गोळा करतो. त्यात कुटुंबप्रमुख असतो, क्वचित त्याची बायको असते, आणि मग एक आकडा असतो: 'मुले – ३'. त्या तिघांतला एक जण चौदा वर्षांचा होता, त्याचे सगळे मित्र मागे राहिले होते आणि नव्या शाळेत त्याला कोणी बोलायला नव्हतं, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

आज पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून आईबाप एकमेकांना विचारतात ना, "पोरगा नववीत आहे, तिकडे रुळेल का?" तो प्रश्न जुना आहे. मात्र त्याचा इतिहास कागदपत्रांत सरळ सापडत नाही, तो आडवाटेने काढावा लागतो. कसा, ते दोन उदाहरणांवरून सांगतो. एक पुण्याच्या घरातलं, दुसरं कोल्हापूरजवळचं.

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की आपल्याला गणितज्ञ आणि इतिहासकार आठवतात, भांडारकर रस्त्यावरून निघून डेक्कन क्वीनने मुंबईला संशोधन संस्थेत जाणारे. इथे मात्र मला हवा आहे अकरा वर्षांचा दामोदर. जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक, १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीचं काम अडून पडलेलं होतं. त्यासाठी प्रा. लॅनमन यांच्या बोलावण्यावरून धर्मानंद १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला निघाले. या खेपेला त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि दामोदर यांना बरोबर घेतलं. बाळाबाई धाकट्या मुलींसह इथेच राहिल्या. म्हणजे 'कुटुंबासह स्थलांतर' असं आपण लिहून मोकळे होतो, पण प्रत्यक्षात घर मधोमध कापलं गेलं होतं. एका बाजूला वडील आणि दोन मुलं, दुसऱ्या बाजूला आई आणि धाकट्या बहिणी.

आता साधनं बघा. धर्मानंदांचं 'निवेदन' हे आत्मकथन मराठीत फार मोलाचं आहे, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचाच. पण त्याचा भर ज्ञानाच्या शोधावर आणि भटकंतीवर आहे, मुलं कडेकडेनेच येतात. बापाच्या आत्मचरित्रात मुलाचा मित्र शोधणं म्हणजे विहिरीत घागर सोडून दूध निघेल अशी आशा धरणं. म्हणून मी प्रश्न बदलतो. 'त्याला मित्र होते का?' हे बाजूला ठेवतो आणि 'तो रोज कोणकोणत्या ठिकाणी आपल्या वयाच्या मुलांमध्ये उभा राहत होता?' हे विचारतो. ठिकाणांची नोंद राहते.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी दामोदर आधी साधारण वर्षभर ग्रामर स्कूलमध्ये होता. १९२० मध्ये तो केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये दाखल झाला. आपल्याकडची चरित्रं या वर्षभरावरून भरकन पुढे जातात, कारण त्यांना हार्वर्ड गाठायची घाई असते. मला हे वर्ष फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या शाळेत जायच्या आधी त्याला कान तयार करायला वेळ मिळाला. मुलं एकमेकांना हाका कशा मारतात, डब्यात काय आणतात, थट्टा कुठवर चालते, हे पुस्तकातून शिकता येत नाही. शिवाय ते गाव हार्वर्डच्या प्राध्यापकांचं होतं तसंच आयरिश, इटालियन, पोर्तुगीज कामगारांचंही होतं. सरकारी शाळेच्या वर्गात घरी वेगळी भाषा बोलणारा तो एकटाच नसणार.

दुसरं ठिकाण म्हणजे बालवीर पथक. दामोदर केंब्रिजच्या स्काउट पथकात होता. अमेरिकेत ही चळवळ १९१० मध्ये सुरू झालेली, म्हणजे तशी नवीच होती. स्काउटमध्ये नेमकं काय होतं? गाठी मारायच्या, तंबू ठोकायचा, वाट काढायची, शेकोटी पेटवायची. बोलता आलं नाही तरी हात चालले की तुम्ही गटात आहात. गणवेश सगळ्यांना सारखा. नव्या मुलाला 'तू कुठला?' या प्रश्नातून थोडी सुटका मिळते, कारण विचारायच्या आत कोणीतरी त्याच्या हातात दोरी दिलेली असते.

ही सुटका किती गरजेची होती, ते बाहेरच्या काळावरून कळतं. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. शिक्षक, विद्यार्थी अशा मोजक्यांना आणि त्यांच्यासोबतच्या सोळा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट होती. कायद्याच्या लेखी दामोदर म्हणजे 'सोबत आलेलं मूल'. पुढे फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. (थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. या नावावर स्वतंत्र पोस्ट व्हायला हवी.) तेव्हा दामोदर पंधरा वर्षांचा होता. धर्मानंद १९२२ मध्येच भारतात परतले होते. मुलाने शाळा पुरी केली १९२४ मध्ये. म्हणजे पंधरा ते सतराचा काळ, जेव्हा घरातलं माणूस हाकेच्या अंतरावर हवं असतं, तेव्हा त्याच्या आधाराला उरली ती शाळा, पथक आणि गावातली ओळखीची माणसं.

त्या ओळखींतलं एक नाव प्रसिद्ध आहे: नॉर्बर्ट वीनर, पुढे सायबरनेटिक्सचा जनक म्हणून गाजलेला. त्याचे वडील लिओ वीनर हार्वर्डला प्राध्यापक, धर्मानंदांचे सहकारी आणि स्वतः बियाविस्तोकहून अमेरिकेत आलेले स्थलांतरित. नॉर्बर्ट दामोदरपेक्षा तेरा वर्षांनी मोठा होता. चरित्रांत ही मैत्री 'दोन विलक्षण बुद्धिमान मुलं एकत्र आली' अशा सुरात येते. मला हा सूर पटत नाही. वीनर अकराव्या वर्षी कॉलेजात गेला आणि अठराव्या वर्षी डॉक्टरेट झाला. आपल्याहून कितीतरी मोठ्या मुलांत बसणं काय असतं, यावर त्याने पुढे आत्मचरित्रात भरपूर लिहिलं आहे. म्हणजे तो गाव न बदलता परका झालेला माणूस होता. नव्या मुलाला पहिली जवळीक बहुतेक वेळा घोळक्याच्या मधोमध मिळत नाही, काठावर उभ्या असलेल्या कोणाकडून तरी मिळते. हे माझं गृहीतक आहे. पण गृहीतक म्हणून ते 'हुशार होता, म्हणून रुळला' यापेक्षा बरं, कारण हुशारीने वर्गात नंबर येतो, डबा खायला सोबत मिळते असं नाही.

आता उलट टोकाचं उदाहरण. वीस वर्षं पुढे या, आणि अमेरिका सोडून पंचगंगेच्या काठी या. कोल्हापूर–मिरज रेल्वेमार्गावर वळिवडे नावाचं स्टेशन आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना उचलून सायबेरिया, कझाकस्तानला पाठवलं होतं. १९४१ च्या करारानंतर जे सुटले ते इराणमध्ये आले आणि तिथून काही जण कराचीमार्गे इकडे पोचले. वळिवड्यात मुख्यतः बायका आणि मुलं होती. बाप्ये सैन्यात तरी होते किंवा वाटेत मेलेले तरी. जामनगरजवळच्या बालाचडीचा मुलांचा कॅम्प जास्त प्रसिद्ध आहे, पण किशोरवयीन मुलं आईसोबत मोठ्या संख्येने जिथे राहिली ते ठिकाण वळिवडे.

इथे मोठ्यांनी घेतलेला निर्णय कोसंबींच्या बरोबर उलटा होता. मुलांना स्थानिक शाळांत घालायचं नाही. बराकींच्या मधेच पोलिश प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, शिक्षक घडवणारे वर्ग, चर्च, नाटक, सगळं उभं केलं. कारण युद्ध संपलं की परत जायचंय. 'रुळणं' हे उद्दिष्टच नव्हतं, उलट फार रुळले तर पंचाईत! आणि तरी त्या मुलांना साथीदार मिळवून देण्याची गरज होतीच. दोनतीन वर्षांची शाळा बुडालेली, भाऊबहीण गमावलेले, बर्फातून थेट कोल्हापूरच्या उन्हात आलेले. तेव्हा कॅम्पने काय वापरलं? पुन्हा स्काउट! वळिवड्याच्या पथकांचं नेतृत्व केलेल्यांत झ्जिस्वाफ पेश्कोफ्स्की होते. सोव्हिएत कैदेतून वाचलेले हे सैन्याधिकारी नंतर धर्मगुरू झाले आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं.

इथे थोडं थांबा, कारण तुलना इथेच उपयोगी पडते. संस्था एकच, काम दोन तऱ्हेचं. केंब्रिजला स्काउट पथकाने परक्या मुलाला गावात आत घेतलं. वळिवड्यात त्याच चळवळीने मुलांना एकमेकांशी घट्ट बांधलं आणि गावापासून काहीसं वेगळंच ठेवलं. कोल्हापूरचा बाजार, नदीत पोहणं, दुकानदारांशी मोडकंतोडकं बोलणं हे होतं. काही मोजक्या मुली लग्न करून इथेच राहिल्या. पण मैत्रीचा मुख्य धागा बराकीच्या आतच विणला गेला. तेव्हा तुमच्या प्रबंधात 'संस्थेमुळे मुलं समाजात मिसळली' असं वाक्य आलं, तर लगेच स्वतःला विचारा: कोणत्या समाजात?

त्या धाग्याची ताकद मात्र अचाट. १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली, पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला, आणि ज्या परतीसाठी सगळा खटाटोप केला ती बहुतेकांना मिळालीच नाही. कोणी ब्रिटन, कोणी ऑस्ट्रेलिया, कोणी कॅनडा. म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी ही मुलं पुन्हा एकदा नवी! तरी त्यांनी लंडनमध्ये भारतातल्या पोलिश लोकांची संघटना केली, १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारला, आणि २००० मध्ये आपला जाडजूड इतिहास स्वतःच लिहून काढला. पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळासोबत्यांनी मिळून ग्रंथ लिहिणं, हे तुमच्याआमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला जमेल का सांगता येत नाही.

आणि नेमका इथेच संशोधकाने सावध व्हायचं. हा ग्रंथ कोणी लिहिला? जे संपर्कात राहिले त्यांनी. स्नेहमेळाव्याला कोण येतं? ज्यांचा स्नेह जमला होता ते. बराकीच्या पायरीवर एकटी बसणारी मुलगी पन्नास वर्षांनी आठवण लिहून पाठवत नाही. तिने कदाचित तो पत्ताच टाकून दिला असेल. दामोदरचंही तसंच. तो पुढे कोसंबी झाला म्हणून आपण त्याच्या पथकापर्यंत पोचतो. 'कुठेतरी जाऊन न रुळलेला मुलगा' या नावाची फाईल कुठल्याच दप्तरखान्यात नसते. म्हणून आठवणींचं पुस्तक वाचताना नावं मोजायची सवय लावा. एखाद्या वर्गाचा गटफोटो असेल तर त्यातले किती चेहरे मजकुरात नावाने येतात? जे येत नाहीत त्यांच्यापासून तुमचं काम सुरू होतं.

रुळण्याची किंमतही अशीच शोधावी लागते. दामोदर १९२४ मध्ये भारतात आला, १९२६ च्या जानेवारीत पुन्हा हार्वर्डला गेला, १९२९ मध्ये पदवी घेऊन परतला. पुढचं बहुतेक सगळं लेखन त्याने इंग्रजीत केलं. बाप मराठीत इतकं ओघवतं लिहिणारा आणि मुलाची लेखणी इंग्रजीत. अकरा ते सतरा ही वर्षं ज्या भाषेत मित्र केले तीच लिहायची भाषा झाली, असं म्हणायला जागा आहे. परतलेल्या मुलांना इथे पुन्हा रुळावं लागतं, हा तर आणखी वेगळा विषय. बाणेर, बालेवाडीत त्याला आज कितीतरी उदाहरणं मिळतील.

ज्यांना टॉपिक हवाय त्यांच्यासाठी एक जागा रिकामी आहे. पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या वसाहतीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहिली. आज तेच गांधीनगर, कापडबाजारासाठी प्रसिद्ध. कराचीहून आलेली एक पिढी गेली आणि सिंधमधूनच उखडलेली दुसरी त्याच जागी आली! पोलिश मुलांवर इंग्रजीत, पोलिशमध्ये पुस्तकं आहेत. सिंधी निर्वासितांवर आपण लिहितो ते व्यापार आणि पुनर्वसन याबद्दल. त्यांच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मराठी शेजारात पहिला मित्र कसा मिळाला, हे कोणीतरी विचारायला हवं. पुण्यातल्यांना तर कोल्हापूरलाही जायला नको, पिंपरी कॅम्प पीएमपीच्या अंतरावर आहे.

मुलाखतीला गेलात तर 'तुम्हाला मित्र होते का?' असं विचारू नका. सगळे 'हो, खूप' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मधल्या सुट्टीत कुठे बसायचात, शेजारी कोण असायचं, त्याच्या घरात पहिल्यांदा कधी गेलात, त्याच्या आईने काय खायला दिलं, खेळताना शिवी कुठल्या भाषेत द्यायचात, हे विचारा. आणि हे काम सिनॉप्सिस मंजूर होईपर्यंत लांबवू नका. १९४८ मध्ये जे तेरा वर्षांचे होते, ते आता नव्वदीला टेकलेत.