सापेक्षतेतल्या आगगाडीची कुळकथा

सापेक्षतावादावरचं कोणतंही सोपं पुस्तक उघडा, त्यात आगगाडी येतेच. एकजण डब्यात, दुसरा फलाटावर, आणि दोघांच्या घड्याळांचं काही केल्या पटत नाही. ही गाडी आइन्स्टाइनला कुठून सापडली? तिचं कूळ शोधायला नागपूर स्टेशनावरूनही निघता येतं.

मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली. तोवर ज्या गावची वेळ त्या गावापुरती. सूर्य माथ्यावर आला की बारा. मुंबईत बारा वाजत तेव्हा नागपूरच्या उन्हानं बारा पंचवीस झालेले असत. बैलगाडीनं जाणाऱ्याला या पंचवीस मिनिटांशी काही देणंघेणं नव्हतं. पण रेल्वेचं वेळापत्रक छापायचं तर कुणाच्या घड्याळानं? रेल्वेनं पुढे मद्रासची वेळ धरली. तिथे वेधशाळा होती आणि वेळ तारेनं कळवता येई. 1 जानेवारी 1906 ला साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची प्रमाणवेळ आली. मुंबईत मात्र 39 मिनिटं मागची जुनी वेळ हट्टानं 1955 पर्यंत टिकली. नागपूरचा सूर्य आजही सरासरी बारा वाजून तेरा-चौदा मिनिटांनी माथ्यावर येतो.

युरोपातही हाच घोळ होता. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत विजेच्या तारांनी घड्याळं जुळवण्याच्या युक्त्यांचे अर्ज येत, आणि 1902 पासून तिथे आइन्स्टाइन नोकरीला होता. त्याच्या 1905 च्या निबंधात सुरुवातीलाच प्रश्न आहे : गाडी सात वाजता येते म्हणजे नेमकं काय? उत्तर साधं आहे. गाडीचं येणं आणि माझ्या घड्याळाचा काटा सातवर असणं, या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. मग दूरच्या गावातल्या घटनेचं काय? तिथलं घड्याळ माझ्याशी जुळवायचं कसं? प्रकाशाचा संदेश पाठवून. सगळी मेख या संदेशात आहे.

गाडीचे पूर्वजही आहेत. 499 सालच्या ‘आर्यभटीया’त नावेत बसलेल्याला काठ मागे पळताना दिसतो, पृथ्वी फिरते हे पटवायला आर्यभटानं हा दाखला दिला. गॅलिलिओनं 1632 मध्ये बंद खोलीचं जहाज घेतलं : ते संथ, सरळ चालत असेल तर आतल्या माणसाला ते चालतंय की थांबलंय हे कोणत्याही प्रयोगानं कळत नाही. नागपूरकर ज्या झिरो माइलच्या खांबाला देशाचा मध्य समजून फोटो काढतात (खुणेवर 1907 साल आहे, आणि ती सर्वेक्षणाची उंचीची खूण आहे), त्याला टेकून उभं राहिलं तरी ‘मीच खरा स्थिर’ म्हणायचा खास अधिकार मिळत नाही.

आइन्स्टाइननं यात एकच भर घातली : प्रकाशाचा वेग डब्यातल्याला आणि फलाटावरच्याला सारखाच भरतो. त्यातून काय काय निघतं बघा. अजनी आणि नागपूर, दोन्ही स्टेशनांवर एकदम वीज पडली, असं बरोबर मध्ये रुळालगत उभा असलेला माणूस म्हणतो. त्याच क्षणी त्याच्यासमोरून नागपूरकडे धावणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाच्या हिशेबानं मात्र नागपूरची वीज आधी पडली. दोघंही बरोबर. मुंबई-नागपूरची पंचवीस मिनिटं सरकारी हुकुमानं मिटली. हा फरक कोणत्याही हुकुमानं मिटत नाही.

आता डब्याच्या तळापासून छतापर्यंत आणि परत असा प्रकाशाचा ठिपका उडवा. प्रवाशाला तो सरळ वर-खाली जाताना दिसतो. फलाटावरच्याला तिरपा, म्हणजे लांबच्या वाटेनं. वाट लांब आणि वेग तोच, तर वेळ जास्त लागणारच. म्हणून फलाटावरून पाहता डब्यातलं घड्याळ सावकाश चालतं. प्रवाशालाही फलाटावरचं घड्याळ तसंच सावकाश वाटतं, आणि डोकं इथेच गरगरतं.

आपल्या गाड्यांच्या वेगाला हे जाणवत नाही. 2022 च्या डिसेंबरात सुरू झालेली नागपूर-बिलासपूर वंदे भारत सलग साडेपाच तास ताशी 130 किलोमीटरनं धावली, असं धरलं तरी तिच्यातलं घड्याळ सेकंदाच्या सुमारे सातशे कोटीव्या भागाइतकंच मागे पडेल. एवढ्यासाठी कोण भांडणार?

जीपीएसच्या उपग्रहांना मात्र भांडावं लागतं. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं 45 मायक्रोसेकंद पुढे जातात. हा दुसरा हिशेब आइन्स्टाइनच्या 1915 च्या सिद्धांतातला. उरलेले 38 मायक्रोसेकंद दुरुस्त केले नाहीत, तर चूक दिवसाला सुमारे 11 किलोमीटरनं वाढत जाते.