मंदगती चलच्चित्रण, स्मार्टफोनवरील

दर सेकंदास नेहमीहून कितीतरी अधिक चौकटी टिपून त्या नेहमीच्याच वेगाने दाखविल्या असता पडद्यावरील हालचाल संथ झालेली दिसते. स्मार्टफोनच्या साहाय्याने असे चित्र घेण्याची आणि पुढे त्याचे संपादन करण्याची ही रीत होय. सेकंदास 240 चौकटी टिपून 30 च्या वेगाने दाखविल्यास एका सेकंदाचे आठ सेकंद होतात. ऑस्ट्रियातील धर्मगुरू व भौतिकीचे अध्यापक आउगुस्ट मुस्गर यांनी या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट 1904 मध्ये घेतले. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) या चित्रपटापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एकेक चौकट घेऊन चित्रित केली होती. ती क्रिया याच्या नेमकी उलट, म्हणजे काळ आकसून घेणारी होती. आयफोन 5एस मध्ये 2013 साली सेकंदास 120, तर पुढच्याच वर्षी आयफोन 6 मध्ये 240 चौकटींची सोय झाली आणि जे पूर्वी प्रयोगशाळा व चित्रपटसंस्था यांच्यापुरते होते, ते लग्नाच्या वरातीपर्यंत येऊन पोचले.

धाराशिव जिल्ह्यात या चित्रणास सर्वांत अनुरूप स्थळ म्हणजे तुळजापूर तालुक्यातील नळदुर्गचा किल्ला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, 1613 च्या सुमारास, बोरी नदीवर किल्ला व त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांस जोडणारा दगडी बंधारा बांधण्यात आला आणि त्याच्या पोटातच पाणीमहालाची दालने अशा तजविजीने काढण्यात आली की, माथ्यावरून पूर लोटत असतानाही आतील माणूस कोरडा राहावा. बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या दोन धारांस लोक नर आणि मादी म्हणतात. नुसत्या डोळ्यांस तेथे एक सलग पांढरा पडदा दिसतो. परंतु संथ चित्रात, काठावरून निसटताना पाणी अखंड व गुळगुळीत असते, खाली येताना वेग वाढत जाऊन ते ताणले जाते, त्यास भोके पडतात, मग त्याच्या दोऱ्या होतात आणि शेवटी त्या दोऱ्यांचे थेंब होतात, हा सारा क्रम उलगडतो. हवेचा अडथळा जमेस न धरता दहा मीटर पडण्यास पाण्यास सुमारे 1.4 सेकंद लागतात. 240 च्या वेगाने त्याच्या जवळजवळ 340 चौकटी मिळतात व पडद्यावर तेच पतन अकरा सेकंदांहून अधिक काळ चालते.

अडचण आहे ती उजेडाची. 240 च्या वेगात प्रत्येक चौकटीस फार तर 1/240 सेकंद प्रकाश मिळतो आणि थेंब रेखीव यावयाचा तर उघडकाल 1/1000 च्या आसपास ठेवावा लागतो. या अवर्षणप्रवण मुलखात बोरीस भरपूर पाणी असते तेव्हा आभाळ झाकोळलेले आणि ऊन लखलखीत पडते तेव्हा धारा आटलेल्या, असा हा पेच आहे. ढगाळ दिवशी हट्टाने 960 चा वेग निवडल्यास हाती येते ते करड्या दाण्यांनी भरलेले चित्र; शिवाय अनेक फोनांत हा वेग सेकंदाच्या अंशापुरताच चालतो. अशा वेळी 120 वर समाधान मानणेच शहाणपणाचे. पाऊस उघडून ऊन धारेच्या बाजूने वा मागून पडत असेल, तर थेंबांच्या कडा उजळतात. पडद्यावर बोट दाबून धरून नाभी (फोकस) व प्रकाशमान (एक्स्पोजर) पक्के करावेत, नाहीतर उसळत्या तुषारांमागे फोन भरकटत राहतो. भिंगावरील तुषार सुती कापडाने वरचेवर टिपावेत. पूर चढला असता ओल्या पायऱ्यांवर उतरू नये, हे निराळे सांगावयास नकोच.

तुळजापुरातील गोंधळ रात्री, दिव्यांच्या प्रकाशात, टिपावयाचा तर दुसरेच विघ्न उभे राहते. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने पुष्कळ दिवे सेकंदास शंभर वेळा मंदावतात आणि संथ चित्रात ती लुकलुक उघडी पडते. तेथे 60 चौकटी व 1/100 सेकंद उघडकाल ठेवल्यास ती टळते. ध्वनीही मूळ चित्रातील घेऊ नये. आठपट संथ केलेला स्वर तीन सप्तके खाली उतरतो आणि संबळाची कडकडीत थाप एखाद्या जड गडगडाटासारखी ऐकू येते. ती निराळी ध्वनिमुद्रित करून मागाहून जोडावी.

संपादनात पहिले काम कात्रीचे. आरंभी नेहमीचा वेग, धार फुटते त्या क्षणी संथ आणि पुन्हा नेहमीचा, अशी चढउतार राखल्यास दोन-तीन संथ क्षण पुरतात; सबंध चित्रफीत संथ ठेवण्याची लग्नांच्या चित्रफितींतील सध्याची चाल कंटाळवाणी आहे. कमी चौकटींच्या चित्रात मधल्या चौकटी गणिताने भरून काढणारी साधने माणसाच्या चालीस बरी चालतात. पण पाण्याचा आकार क्षणोक्षणी मोडत असल्याने त्यांनी बनविलेले थेंब चिखलासारखे ओघळतात. म्हणून वेगाचा निर्णय चित्र घेतानाच करावा. तयार चित्रफीत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून धाडल्यास आकुंचनामुळे पाण्याचा बारकावा पुसला जातो. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.