मुंबईची खोली: जमा किती, खर्च किती?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही मिटली, तरी कुणी उठेना. आमच्यातल्या एकीच्या मुलीला स्थळ आलं होतं. मुलगा खाडीपलीकडच्या गावचा, नोकरी मुंबईला, खोली नालासोपाऱ्याला. एकजण म्हणाली, "देऊन टाक गो. डोक्यावर हंडा नाही, रानात लाकडं नाहीत." दुसरी म्हणाली, "मी नऊ वर्षं काढलीत तिथं. पाणी किती वाजता येतं ते मला विचार." दोघींचा आवाज चढला. मुलीची आई मात्र गप्प बसून होती.

घरी येताना मनात आलं, हा प्रश्न आजचा नाही. आपल्या दाभोळच्या धक्क्यावर तो शंभराहून जास्त वर्षं विचारला जातोय. मुंबईच्या कामगारवस्तीत जाऊन राहावं की गावात राहावं? आज आपण त्याचा हिशेब मांडू, गटाची वही लिहितो तसा. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च.

आधी दाभोळची गोष्ट. हे बंदर एके काळी एवढं नावाजलेलं होतं, की १५०८ साली पोर्तुगीज आरमारानं चालून येऊन ते जाळलं. बहमनी आणि आदिलशाही काळात इथून दूरदेशी जहाजं जात. पुढे मोठा व्यापार दुसऱ्या बंदरांकडे गेला आणि वाशिष्ठीच्या मुखावर उरली मासेमारी आणि छोटी गलबतं. डोंगरउतारावरची तुकड्यातुकड्यांची शेती, पावसाळ्यात एक भाताचं पीक, आणि खाणारी तोंडं जास्त. तेवढ्यात मुंबईत गिरण्या सुरू झाल्या. पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. मग ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग, वरळी अशा गिरण्या पसरत गेल्या आणि त्यांच्या भोवती गिरणगाव उभं राहिलं. त्या गिरण्यांना सर्वांत जास्त माणसं पुरवली ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यानं. आगबोट दाभोळला लागायची, माणसं मचव्यातून बोटीवर चढायची आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरायची.

गेले ते बहुतेक पुरुष. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका पाचशेहून थोड्याच जास्त होत्या. म्हणजे चाकरमानी तिकडे आणि त्याची बायको इकडे. लावणी, कापणी, गुरं, म्हातारी माणसं, पोरं, सगळं तिच्या अंगावर आणि डोळे मनीऑर्डरीकडे. हिशेब मांडताना ही मागं राहिलेली बाई विसरायची नाही. वस्तीत गेलेल्या बाईनं काय सोसलं ते आपण बोलतो, पण गावात राहणं म्हणजेही काही फुकटचं सुख नव्हतं.

आता जी बाई गेली, तिच्याकडे वळू. आपल्याच तालुक्यातली एक मुलगी सांगते. दापोलीजवळ वणंद गाव आहे. तिथले भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून बाजारात पोचवत आणि त्यावर घर चालवत. त्यांची लेक म्हणजे रमाबाई, १८९८ सालची. आई लवकर गेली, मागोमाग वडील गेले. नातेवाइकांनी ह्या पोरक्या भावंडांना मुंबईला भायखळ्यात नेलं. तिथंच, भाजीबाजार उठल्यावर, रात्री बाजाराच्या ओट्यांमध्ये, रमाबाईंचं लग्न झालं. नवरा मुलगा होता भीमराव आंबेडकर. पुढे १९१२ च्या सुमाराला हे कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहायला आलं आणि वीस वर्षांहून जास्त काळ तिथं राहिलं. दाभोळच्या धक्क्यावर ज्याचा बाप ओझी वाहत होता, त्या लेकीचा बहुतेक संसार कामगारवस्तीत झाला.

ही चाळ आली कुठून? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या, गटारालगतच्या खोल्यांमधून माणसं पटापट मेली. तेव्हा सरकारनं १८९८ साली शहर सुधारण्यासाठी एक ट्रस्ट नेमला. त्या ट्रस्टनं बांधलेल्या चाळी त्या बी.आय.टी. चाळी. पुढे १९२० नंतर सरकारच्या दुसऱ्या एका खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बीडीडी चाळी बांधल्या. तीन मजली इमारत, एका मजल्यावर वीस खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास सामायिक.

आता खर्चाची बाजू लिहू. पहिला खर्च जागेचा. १९२१-२२ च्या सुमारास सरकारच्या कामगार कचेरीनं पाहणी केली. शंभरातली ९७ कामगार कुटुंबं एका खोलीत राहत होती. त्याच खोलीत चूल, मोरी, बाळंतपण, आजारपण, पाहुणा आणि रातपाळी करून झोपलेला दीर. पुरुषाला गॅलरीत, फुटपाथवर, मैदानावर पथारी टाकता यायची. बाईला कुठं जायचं? पुरुष कामावर जायचा तेव्हा बाहेर पडायचा. बाईचं कामही त्याच धुरात आणि निजणंही त्याच धुरात.

दुसरा खर्च वेळेचा. नळाची रांग, संडासची रांग, रॉकेलची रांग, रेशनची रांग. गावात विहिरीवर जाण्यात जो वेळ जायचा, तो वस्तीत रांगेत उभं राहण्यात गेला. पाणी जवळ आलं, पण पाण्याची वेळ दुसऱ्याच्या हातात गेली.

तिसरा खर्च फार जड आहे. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे ८२८ बाळं वर्षाच्या आत गेली, अशी नोंद आहे. हा आकडा जरा समजून घ्यायला हवा. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी यायच्या. जन्म लागायचा गावच्या दप्तरी, आणि बाळ मुंबईत गेलं तर मृत्यू लागायचा मुंबईत. त्यामुळे आकडा फुगलाय. पण थोडा कमी धरला तरी अंगावर काटा येतो. रमाबाईंना पाच मुलं झाली. त्यांतला यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार मुलं गेली. नवरा शिक्षणाला अमेरिका आणि लंडनला असताना त्यांनी शेण्या थापून दिवस काढल्याचं त्यांची चरित्रं लिहिणारे सांगतात. वस्ती कुणालाच सूट देत नव्हती.

चौथा खर्च जातीचा. शहरात जात सुटते असं आपण म्हणतो, पण गिरणीत ती आत शिरून बसली होती. साचाखात्यात, म्हणजे मागावर, पगार बरा मिळायचा. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत.

एवढं लिहिलं की वाटतं, मग माणसं परत का आली नाहीत? कारण जमेची बाजूही तेवढीच भरलेली आहे.

पहिली जमा रोख पैशाची. गावात भाताचं माप मिळायचं, तेही खोताचा वाटा जाऊन. गिरणीत महिन्याला हातावर नाणी पडायची. आणि ती बाईच्या हातावरही पडायची. १९२०-३० च्या काळात मुंबईच्या गिरण्यांमधल्या पाच कामगारांमागे जवळजवळ एक बाई होती. सुताच्या लडी आणि बॉबिन गुंडाळायच्या खात्यात बायकाच बायका असत.

दुसरी जमा शेजाराची. चाळीचं दार दिवसा उघडंच असायचं. एकीला कळा लागल्या की दुसरी तिची पोरं जेवू घालायची. आपल्या कोकणातल्या गावांनी तर चाळीत गावकीच्या खोल्या घेतल्या. नवा पोरगा आला की त्याची वळकटी त्या खोलीत पडायची, नोकरी लागेपर्यंत त्याला कुणी हाकलायचं नाही. गावचं देऊळ, शाळा, पाखाडी ह्यांच्यासाठी वर्गणी जमायची तीही ह्याच खोल्यांमधून. भजन, नमन, गणपती, सगळं बरोबर गेलं. अर्थात उघड्या दाराची दुसरी बाजूही होती. भांडण लपत नव्हतं, आणि सुनेचं येणंजाणं सगळ्या मजल्याला ठाऊक असायचं.

तिसरी जमा मला सगळ्यांत मोठी वाटते. वस्तीत माणसं एकाच दु:खानं एकत्र आली आणि बोलू लागली. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळाली. परळला दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची सुरुवात केली. ही सभा कामगारांच्या चाळींच्या मधोमध भरली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांत परळच्या चाळीत राहणारे बाबासाहेब होते. १९२९ साली कायदा झाला. आज आपली मुलगी नोकरीत बाळंतपणाची पगारी रजा घेते, त्या वाटेची सुरुवात त्या गिरण्यांपासून झाली आहे. एकटीच्या घरात जे दु:ख नशीब म्हणून गिळलं जातं, ते चाळीत दहाजणींचं आहे असं कळलं की त्याची मागणी होते.

हिशेब इथं संपला असता, तर जमा-खर्च बरोबरीत सुटला असता. पण वस्तीचा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा होता, तो खांब म्हणजे गिरणी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मिटल्याचं कुणी जाहीर केलं नाही, तो विरून गेला. कितीतरी जण गावी आले आणि कोकणातल्या चुलींनी त्यांना खाऊ घातलं. तेव्हा कळलं, मागं राहिलेल्या बाईनं राखलेली जमीन किती मोलाची होती.

आणि वस्तीतल्या बायांनी काय केलं? पुष्कळजणी आधीपासूनच खाणावळ चालवत होत्या. एकट्या आलेल्या कामगारांना त्या दोन वेळचं जेवण द्यायच्या. वाण्याकडे उधारी, सावकाराचं व्याज, आणि महिन्याअखेर मिळणारे पैसे. गिरणीच्या दप्तरात त्यांचं नाव नाही, पण त्यांच्या भाकरीवर गिरण्या चालल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकीनं दुसरीची हमी घ्यायची आणि बँकेकडून कर्ज काढायचं. ऐकून ओळखीचं वाटलं ना? आपला बचत गट त्याच वाटेवरचा आहे. गिरण्या बंद पडल्यावर ज्या घरात बाईचा असा धंदा होता, त्या घराला उभं राहायला निदान एक कुबडी होती.

आता गिरणीच्या जागेवर मॉल आणि टॉवर आलेत. बीडीडी चाळींच्या रहिवाशांना १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांची घरं मिळू लागलीत. पण फार जणांनी त्याआधीच खोली विकली आणि ते विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे सरकले. आजची कामगारवस्ती ती. तिथं मोरी आत आहे, संडास आत आहे, दाराला कडी आहे. बाईची लाज राखली गेली, ही मोठी जमा. पण लोकलमध्ये दिवसाचे तीन-चार तास जातात, आणि बंद दाराआडची बाई आजारी पडली तर शेजारणीला कळत नाही. चाळीत जागा नव्हती आणि माणसं होती. इथं जागा थोडी वाढली आणि माणसं कमी झाली.

मग मी काय सांगते? वस्ती चांगली की वाईट, असं एका शब्दात उत्तर देऊ नका. इतिहास एवढंच दाखवतो, की एकाच खोलीत पुरुषाचा हिशेब वेगळा असतो आणि बाईचा वेगळा. त्याला मुंबई मिळते, तिला खोली मिळते. ज्या बाईच्या हातात स्वत:ची कमाई होती, दाराशी शेजारीण होती आणि मागं गावचा आधार तुटला नव्हता, तिला वस्तीनं उभं केलं. ह्या तिन्हींपैकी काहीच नव्हतं, तिला वस्तीनं झिजवलं.

परवा आम्ही पुन्हा बसलो. मुलीलाच बोलावलं. म्हटलं, तुला काय विचारायचंय ते सांग. ती थोडा वेळ चटईच्या काड्या मोडत बसली. मग म्हणाली, "पाणी किती वाजता येतं ते विचारा. मी नोकरी केली तर पैसे माझ्या खात्यात राहतील का ते विचारा. आणि खोली कुणाच्या नावावर आहे, तेही."

तिची आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "विचारू. आणि हो म्हणण्याआधी ती खोली आपण दोघी बघून येऊ."

पुढच्या आठवड्यात त्या दोघी पहाटेच्या एसटीनं जाणार आहेत.