रस्त्याच्या भेगा आणि शब्दांची निश्चिती

इलिनॉय राज्यातील ऑटावानजीक १९५८ ते १९६० या काळात जे रस्ता-परीक्षण झाले, त्याच्या निमित्ताने परीक्षकमंडळाने रस्त्यांना ० ते ५ गुण देण्याची पद्धत रूढ केली. पुढे १९८७ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील पक्क्या रस्त्यांच्या दीर्घकालीन अभ्यासास आरंभ झाला आणि चार विभागांतील माहिती-संकलन कंत्राटदारांकडे सोपविण्यात आले. एकास ‘मध्यम’ वाटलेली भेग दुसऱ्यास ‘तीव्र’ वाटणे आता परवडणारे नव्हते. म्हणून या अभ्यासाच्या नियमपुस्तिकेत डांबरी रस्त्यावरील आडव्या भेगेची सरासरी रुंदी ६ मिलिमीटरपर्यंत असल्यास ती सौम्य, १९ मिलिमीटरपर्यंत मध्यम व त्यापुढे तीव्र, अशी व्याख्या करण्यात आली. कंत्राटाने श्रम मिळाले. परंतु वर्षानुवर्षांच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहण्याजोग्या झाल्या, त्या शब्दार्थाच्या या निश्चितीमुळे.